अकरा वेळा

मुजफ्फरने दिलेला चहा उमाजीने बशीत ओतला, एक घोट घेतला आणि उरलेली बशी मुद्दाम समोरच्या निळ्या गादीवर ठेवली. ठेवताना हात जरासा कलता केला. चहाचा एक ओघळ ताडपत्रीवर उतरला आणि शिवणीत जाऊन मुरला.

मुजफ्फरने ते पाहिलं. तो उठला, कोपऱ्यातलं फडकं आणून ओघळ टिपला, फडक्याची घडी बशीखाली सारली आणि पुन्हा जागेवर येऊन बसला. बोलला काहीच नाही. त्याचं हे काही न बोलणंच उमाजीला गेली चोवीस वर्षं खुपत आलं होतं.

ती निळी गादी मुजफ्फरने स्वतः शिवलेली होती. सिंदेवाहीच्या बाजारात त्याचं बापापासूनचं कापूस पिंजायचं दुकान, आणि अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याच्याच गाद्यांवर पार पडलेली. पाच वर्षांपूर्वी त्याने बारा गाद्या एकीला एक जोडल्या, वरून ताडपत्री घातली आणि लटारू उस्तादांच्या जुन्या आखाड्यातल्या लाल मातीवर अंथरून टाकल्या. बाहेर 'न्यू टायगर कराटे क्लास' असा बोर्ड लागला. आता संध्याकाळी दाराबाहेर पोरांच्या चपलांची रांग लागायची. उमाजी बाजारातून परतताना ती रांग मोजायचा. मागच्या मंगळवारी एकेचाळीस जोड होते. त्याच्या स्वतःच्या आखाड्यात, म्हणजे गावतळ्याच्या पाळीखाली चार बांबूंवर टाकलेल्या छपरात, सात पोरं येत. त्यातली दोन घरी काम नसलं तरच येत.

"तर मग गुणांचं ठरवून टाकू," बुधू मास्तर म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर, गळ्यात अजून शिटी. "लाथ छातीवर किंवा पोटावर नीट बसली तर एक गुण, हे झालं. तोंडावर मारायचं नाही, हेही झालं. राहिलं खाली पाडण्याचं."

हे सगळं खूळ आलं होतं एका सीडीतून. मुजफ्फरच्या पोराने, अकरमने, ती नागपूरहून आणली होती. त्यात परदेशातले दोन पहेलवान पिंजऱ्यात शिरून एकमेकांना लाथाही मारत, कुस्तीही धरत, आणि बाहेर बसलेले तीन पंच कागदावर गुण लिहीत. गावातल्या पोरांनी ती इतक्यांदा पाहिली की शेवटी क्रीडा मंडळाने ठरवलं, आपल्याकडेही कराटे आणि कुस्तीचा एक मुकाबला होऊन जाऊ द्या. कराटेकडून अकरम, कुस्तीकडून उमाजीचा भाचा अमर. एका पोराचा बाप पंच झाला म्हणून दुसऱ्याचा मामाही पंच झाला, आणि दोघांच्या मध्ये बुधू मास्तर. हा न्याय सगळ्यांना पटला.

"माह्या मतानं," मुजफ्फर सावकाश म्हणाला, "पाडलं आन् समोरचा लगेच उठून उभा झाला, तर पाडणाऱ्यानं काय कमावलं? दहा आकडे मोजेपर्यंत खाली धरून ठेवावं. मंग गुण द्यावा."

"काऊन?" उमाजीचा आवाज चढला. "पडला म्हंजे पडला. मंग उठो, बसो, नाईतर नाचो. पाठीले लागलं ना? एक गुण."

"अरे पन..."

"पन-बिन काई नाई. पाडाले ताकद लागते बे. गादीवर पाय उडवणाऱ्याले काय समजन ते!"

बुधू मास्तरांनी पेन हवेत धरलं. दाराजवळच्या खुर्चीत लटारू उस्ताद बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, मांडीवर आखाड्याची जुनी पितळी घंटी. मुकाबल्यात ती वाजवायचा मान त्यांचा होता. ऐकू कमी यायचं, म्हणून की काय, त्यांचा चेहरा नेहमी हसरा असे. उमाजीने एकवार त्यांच्याकडे पाहिलं. हे सगळं खरं तर तो त्यांनाच ऐकवत होता.

"ठीक हाय," मुजफ्फर म्हणाला. "उमाजी म्हन्ते तसंच लिहा, मास्तर."

मास्तरांनी लिहिलं. उमाजी जिंकला होता, पण जिंकल्यासारखं वाटेना. निदान तासभर तरी भांडायचं ठरवून तो घरून निघाला होता.

*

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात, याच जागी, याच मातीत, उमाजी आणि मुजफ्फरची कुस्ती झाली होती. उस्तादांचे गुडघे तेव्हाच गेले होते. त्यांनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं, या दोघांत जो जिंकेल त्याच्या हाती आखाड्याची किल्ली. वेळ अर्धा तास. घड्याळ आणि घंटी दोन्ही उस्तादांकडे.

त्या अर्ध्या तासात उमाजीने मुजफ्फरला अकरा वेळा खाली घेतलं. त्याचा पट नावाजलेला होता. वाकून समोरच्याचे दोन्ही पाय कवेत घ्यायचे, उचलायचा आणि मातीत टाकायचा. अकरा वेळा टाकला. पण मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागल्याशिवाय काही धरत नाहीत, आणि मुजफ्फरचे खांदे एकदाही लागले नाहीत. तो अकरा वेळा कुशीवर पडला आणि अकरा वेळा उठला. उस्तादांनी घंटी वाजवली आणि निकाल दिला, बरोबरी.

किल्ली दोघांत कशी वाटणार? ती मुजफ्फरला मिळाली. तो बाजारात राहतो, रोज दिवा लावील, मातीवर पाणी शिंपडील, उमाजीचं गाव पडलं आठ मैलांवर. उस्तादांनी कारण दिलं ते इतकंच.

तेव्हापासून 'अकरा' हा उमाजीचा आकडा झाला. बारशाला, तेराव्याला, तळ्याच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत, कुठेही कुस्तीचा विषय निघाला की तो बोटं दाखवी. दोन्ही हातांची दहा आणि वर पुन्हा एक. गिरजा लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिला नवऱ्याच्या घरचं दुसरं काही कळण्याआधी हे कळलं होतं.

आणि हेवा म्हणाल तर तो किल्लीपाशी थांबला नाही. मुजफ्फरच्या दुकानाला नवं शटर बसलं, त्याचा हेवा. त्याचे केस पिकले तरी दाट राहिले, त्याचा हेवा. बाजारात लोक त्याला 'सर' म्हणायला लागले त्या दिवशी तर उमाजी भाजी न घेताच परतला. कबूल तो कोणापाशी करत नसे. म्हणायचा, "माह्यावर अन्याय झाला, बस." पण पोटातली आग त्याची त्याला कळत होती.

आता नियम त्याच्या मनासारखा लिहिला गेला होता. एकदा पाडलं, एक गुण. अमर त्याचाच चेला, तोच पट, तीच कमर. उस्ताद समोर बसलेले असतील. चोवीस वर्षांपूर्वी हाच नियम असता तर किल्ली कोणाकडे गेली असती, हे आता सगळ्या गावासमोर दिसणार होतं. उमाजीला एवढंच हवं होतं. उस्तादांनी फक्त एकदा त्याच्याकडे पाहून मान हलवावी.

*

मुकाबल्याच्या आदल्या सकाळी तळ्यात जाळं ओढलं. पाळीवर मासळीचे वाटे पाडायचं काम उमाजीचं. त्याच्या हाताला न्याय आहे असं सगळे मानत.

"भाऊ, माह्या बाजूनं एक मोठा कतला होता," इसरू म्हणाला. तो जाळ्याच्या डाव्या टोकाला होता. "सगळ्यायनं पाह्यला. जाळ्यात आलता पुरा. वरून उडी मारून गेला. तो माह्या वाट्यात धरा ना."

"टोपल्यात हाय तोच मासा," उमाजी मान वर न करता म्हणाला. "येऊन गेला त्याले कोन मोजते?"

शेजारी टोपली घेऊन बसलेल्या गिरजाने तोंडाला पदर लावला.

"काऊन हासून राह्यली?"

"काई नाई."

"सांग ना!"

"काई नाई म्हन्लं ना. अकरा आठवले."

बाकीचे कोळी इकडेतिकडे पाहू लागले. इसरूने खाली पाहत उगाच एक बोटरी मासळी उलटीपालटी केली. उमाजी दुपारपर्यंत गिरजाशी बोलला नाही. जेवायला मात्र वेळेवर आला, आणि ताट पुढे सरकवताना नेहमीपेक्षा जरा जास्त आवाज केला.

*

रविवारी राइस मिलच्या मागच्या पटांगणात त्या बारा गाद्या अंथरल्या होत्या. भोवती रोवलेल्या बल्ल्यांना दोर. लोक मिलच्या ओट्यावर, ट्रॅक्टरवर, भिंतीवर. तिन्ही पंच तीन बाजूंना खुर्च्या टाकून बसले आणि चौथ्या बाजूला उस्ताद, मांडीवर घंटी. घड्याळ बुधू मास्तरांकडे. तीन मिनिटं झाली की मास्तर हात वर करतील, उस्तादांनी घंटी वाजवायची. अशा तीन फेऱ्या.

उमाजीने उजव्या खिशात मूठभर चिंचोके आणले होते. अमरने पाडलं की एक चिंचोका डाव्या खिशात. लाथांचा हिशेब तो कागदावर रेघ मारून ठेवणार होता. रेघ आणि चिंचोका यांत फरक का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

पहिल्या फेरीत अमरने अकरमला पाच वेळा पाडलं. लोकांनी टोप्या उडवल्या. अकरम उंच, सडपातळ, बापासारखा शांत. पडला की कुशीवर वळायचा, गुडघा आत घ्यायचा आणि उभा. उभा झाला की दोन पावलं पुढे यायचा आणि त्याची लाथ अमरच्या पोटावर बसायची. दोन बसल्या. उमाजीने दोन रेघा मारल्या, जरा बारीकच मारल्या.

"पाच!" मागून कोणीतरी ओरडलं. उमाजीने उस्तादांकडे पाहिलं. त्यांचा बरा डोळा गादीवर होता.

दुसऱ्या फेरीत आणखी चार. एकूण नऊ. रेघाही तीन वाढल्या. डावा खिसा आता हाताला भरलेला लागत होता. पण याच फेरीत उमाजीला एक गोष्ट दिसली, आणि एकदा दिसल्यावर ती दिसायची थांबेना.

अमर पट काढत होता तो संधी पाहून नाही. अकरम पुढे यायचा, त्याचा पाय हलायचा, आणि अमर खाली वाकायचा. प्रत्येक वेळी अकरम आधी, अमर नंतर. समोर उभं राहायला लागू नये म्हणून पोरगा पायांत शिरत होता. पाडल्यावर अकरमला दाबायचं, वळवायचं, खांदे टेकवायचे, तर ते नाही. तो अकरमच्या छातीवर डोकं लपवून श्वास घेत होता. जितका वेळ मिळेल तितका.

छातीवर डोकं लपवून श्वास घ्यायची ती जागा उमाजीला चांगली ठाऊक होती. तिथे समोरच्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. मुजफ्फरचे ठोके त्याने अकरा वेळा ऐकले होते. ते शेवटपर्यंत एकाच चालीने पडत होते.

त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. पलीकडच्या खुर्चीत मुजफ्फर ताठ बसून कागदावर लिहीत होता, पोरगा पडला तरी, उठला तरी, चेहऱ्यावर तेच.

तिसरी फेरी सुरू झाली. दहावा पट. चिंचोका. अकरम उठला, लाथ बसली. लगेच दुसरी बसली. एकूण सात रेघा झाल्या. मग अकरावा पट. लोक आता आकडा मोजायला लागले होते, आणि त्यात जुने जाणते होते त्यांनी उमाजीकडे पाहून बोटं दाखवली. दहा आणि वर एक.

उमाजीने चिंचोका डाव्या खिशात टाकला. हा क्षण त्याने कितीदा मनात पाहिला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता.

अकरम उठला. अमरही उठला, पण आधी एका गुडघ्यावर, मग हाताचा टेकू घेऊन. उभा राहिला तेव्हा त्याचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते. त्याने ते उचलायचा प्रयत्न केला. ते उचलेनात. हे पटांगणात कोणाला दिसलं असेल-नसेल, उमाजीला दिसलं. अकरमने एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं टाकलं. उमाजी खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या स्वतःच्या खांद्यांत शिसं भरल्यासारखं झालं.

अकरावा पट सांगून तो नेहमी थांबायचा. चोवीस वर्षं तिथेच थांबत आला होता. पण त्यापुढेही काहीतरी झालं होतं. मुजफ्फर उठला होता. पाठीवरची माती झडत होती. हात उघडे ठेवून तो समोर आला होता, आणि उमाजीला आपले हात उचलता येत नव्हते. आणि तेव्हाच...

घंटी वाजली.

अकरमचा पाय हवेतच थांबला. बुधू मास्तर ताडकन उठले. त्यांचा हात वर गेलाच नव्हता. त्यांनी घड्याळ डोळ्यांशी नेलं. "अरे, अजून एक मिनिट बाकी आहे! उस्ताद! एक मिनिट!"

उस्तादांनी कानामागे हात धरला आणि हसरा चेहरा केला.

लोकांनी तोवर दोरांच्या आत उड्या घेतल्या होत्या. कोणी म्हणालं, म्हातारा आहे, चुकला. मास्तर मुजफ्फरकडे वळले, कारण नुकसान झालं असेल तर त्याच्या पोराचं झालं होतं.

"वाजली तर वाजली, मास्तर," मुजफ्फर म्हणाला. "घंटी उस्तादांची हाय."

तो हे इतक्या सहज म्हणाला की उमाजीच्या लक्षात आलं, हे तो आज पहिल्यांदाच म्हणत नाही.

*

कागद गोळा केले. मास्तरांनी ते वाचून दाखवले. मास्तरांचा स्वतःचा, अमर अकरा, अकरम सात. मुजफ्फरचा, अमर अकरा, अकरम सात, विजयी अमर. बापाने पोराविरुद्ध लिहिलं, यावर पटांगणात एक कौतुकाचा आवाज उठला. उमाजीला तो आवाज चावला. तिसरा कागद उलगडून मास्तरांनी दोनदा पाहिला.

"उमाजी, हे काय लिहिलं? नियम तुमचाच ना?"

"वाचा," उमाजी म्हणाला.

"बरोबरी," मास्तरांनी वाचलं.

दोन मतांनी अमर जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि 'अकरा, अकरा' ओरडत मिलला चक्कर मारली. मामाने भाच्याला बरोबरी का दिली, यावर लोकांनी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मग ठरवलं की बाप जसा वागला तसं मामालाही वागून दाखवायचं होतं. हे अगदीच खोटं होतं असं नाही.

गर्दी पांगल्यावर उमाजी उस्तादांच्या खुर्चीपाशी गेला. खाली उकिडवा बसला. त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं.

"उस्ताद, घंटी लवकर वाजवली तुमी."

"हो."

"चुकून?"

"घड्याळ मास्तराकडे होतं," उस्ताद म्हणाले. "माह्याकडे पोट्टा होता. त्याचे हात गेलते. अजून एक लाथ बसती तर पोट्टा परत कधी आखाड्यात नाई येता."

उमाजीने त्यांच्या मांडीवरची घंटी उचलली. तिचा लोळा बोटाने धरून ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

"ऐंशी साली?" त्याने विचारलं.

उस्तादांनी बरा डोळा गाद्यांकडे वळवला. ऐकू आलं नाही असं उमाजीला वाटलं. तो पुन्हा विचारणार होता.

"सहा मिनिटं होती," उस्ताद म्हणाले. "मुजफ्फरनं विचारलं होतं मले. त्याच दिवशी, सांजच्याले. म्हने, उस्ताद, वेळ होती ना अजून? मी म्हन्लं, होती. बरं म्हनला आन् गेला माती शिंपाले. तू मातर चोवीस वर्षं लावले गा विचाराले."

"मंग मले सांगतलं काऊन नाई कोनी?"

"तू अकरा-अकरा करत फिरून राह्यला होता. मी मुजफ्फरले म्हन्लं, सांगू काय त्याले? नोको म्हने. राहू द्या, म्हने, त्याले तेवढंच हाय."

मिलजवळ मुजफ्फर आणि अकरम गाद्यांची शिवण उसवून एकेक गुंडाळत होते. बाप गुंडाळत होता, पोरगा दोरी बांधत होता. किल्ली, शटर, केस, एकेचाळीस जोड चपला, या सगळ्यांचा हेवा उमाजीने करून पाहिला होता. पण भर बाजारात जो माणूस अकरा बोटं दाखवत फिरतो त्याच्या पुढ्यात चोवीस वर्षं चहा ठेवायचा आणि गप्प बसायचं, हेही मुजफ्फरलाच जमलं होतं. हे तर उमाजीला सात जन्मांत जमलं नसतं. आजवरचे सगळे हेवे त्यापुढे पोरखेळ वाटले. हा नवा हेवा पोटात नव्हता, छातीत होता, आणि त्याला दुसऱ्या कोणाला दोष देऊन हलकं करता येत नव्हतं.

तो उठला. उस्तादांना धरून उठवलं, रिक्षात बसवलं. मुजफ्फरच्या बाजूने जायचं टाळून मिलच्या मागून वळसा घेऊन सायकल काढली.

*

दिवेलागणीला गिरजाने भात आणि मरळीचा रस्सा वाढला. अमर जेवायला मामाकडेच थांबला होता. पोटावर लाथांचे वळ होते, पण तोंड थांबत नव्हतं.

"मामी, अकरा वेळा पाडलं म्या त्याले! विचार मामाले. अकरा!" त्याने खरकटा हात वर करून बोटं दाखवली.

गिरजाने नवऱ्याकडे पाहिलं. उमाजी काटा वेचत होता. काटा त्याने ताटाच्या कडेला ठेवला.

"घंटी वाजली तवा तुहे हात कुठी होते?"

अमरचा हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला.

"मामा, ते..."

"कुठी होते?"

"खाली," अमर म्हणाला. "उचलत नोहते मामा. म्या लय पाह्यलं. उचलतच नोहते. अजून घटकाभर चाललं असतं तर..." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

उमाजी त्याच्याकडे पाहत राहिला. पोराला हे कबूल करायला एक दिवसही लागला नाही. क्षणभर त्याला भाच्याचाही हेवा वाटला.

"उद्या सकाळी गादीवाल्याकडे जाजो," तो म्हणाला.

गिरजाच्या हातातला पळा रश्श्यातच थांबला.

"मुजफ्फर काकाकडे?" अमरने विचारलं. "काऊन?"

"अकरम खालून उठते कसा, ते शिकून घेजो. पाडनं मले येते, तुले शिकवलं. उठनं मले नाई येत." उमाजीने भाताचा घास केला आणि तो हातातच ठेवला. "सांगजो, मामानं पाठवलं म्हनून. रोज जाजो. तो शिकवन तितके दिवस जाजो."

गिरजाने पळाभर रस्सा न विचारता त्याच्या भातावर वाढला. उमाजीने दोन घास खाल्ले, पाणी प्यायला, आणि मग मान वर न करता म्हणाला,

"आन् चहा देईन तो. पेऊ नोको तिथचा."